उकडीचे मादक

गणपतीपुळ्याला देवळाकडून समुद्राकडे उतरताना दोन्ही हातांना खाणावळी लागतात. त्यातल्या एकीत दोन वर्षांपूर्वी जेवायला बसलो आणि सवयीप्रमाणे मेन्यूकार्डाचं प्रूफ वाचायला घेतलं. तीसेक वर्षं दुसऱ्यांची प्रुफं तपासून पोट भरलेल्या माणसाला दुसरं काही जमत नाही. औषधाची बाटलीसुद्धा मी आधी शुद्धलेखनासाठी वाचतो आणि मग आजारासाठी. घावणे बरोबर होते. आंबोळी बरोबर. सोलकढीचा ढ पोट सांभाळून उभा. आणि शेवटी, गोड पदार्थांखाली, ठसठशीत अक्षरांत: 'उकडीचे मादक, २ नग'.

मालकांना दाखवलं. त्यांनी कार्ड लांब धरून वाचलं आणि हसले. "असू दे हो काका. लोक फोटो काढतात. आणि फोटो काढून झाला की लाजेकाजेस्तव मागवतातपण."

चूक एका रेघेची आहे. 'मो' म्हणजे म, त्याला काना, आणि कान्यावर मात्रा. मात्रा पडली, काना राहिला, मोदकाचा मादक झाला. मराठी छपाईत वर्षानुवर्षं ज्या चुका हसवत आल्या आहेत त्यांची यादी केली तर निम्म्याहून अधिक चुका याच एका जागी सापडतील: शिरोरेघेच्या वर. चिंतेचा अनुस्वार पडला की चिता होते, पोटावरची मात्रा पडली की पाट होतो, पोळीचं काय होतं ते लिहीत नाही. आमची लिपी तिमजली आहे. मधल्या मजल्यावर अक्षरं राहतात, तळमजल्यावर उकार आणि ऋकार, आणि माडीवर मात्रा, वेलांटीची टोपी, रफार, अनुस्वार अशी गजबज. छपाईचं एकेक तंत्र मात्र युरोपातून आलं ते बैठ्या घरांच्या लिपीसाठी घडलेलं. ते इथे आणून तीन मजले त्यात कोंबायचे, हा या धंद्याचा मूळ तांत्रिक प्रश्न. शिसं गेलं, फिल्म गेली, संगणक आला, तरी तो तसाच आहे, आणि त्यातून होणारा विनोदही तसाच.

सुरुवातच माघारीने झाली. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात उतरला, म्हणजे इथून किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं तर शेजारीच. पण तिथल्या छापखान्यांच्या काळात मराठीतलं सगळ्यात मोठं काव्य, फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण', १६१६ मध्ये छापून निघालं ते रोमन लिपीत. स्टीफन्सला देवनागरीचं वावडं नव्हतं. उलट १६०८ च्या एका पत्रात त्याने या भाषेच्या स्वतःच्या अक्षरांत छापण्याची इच्छा कळवली होती. अडचण साच्यांची होती. अक्षर स्वरासकट लिहायचं म्हणजे साचे शेकड्यांनी लागणार, ते करणार कोण? पुढे १६७४ मध्ये सुरतेच्या भीमजी पारेखांच्या खटपटीने हेन्री हिल्स नावाचा मुद्रक विलायतेहून मुंबईत आला. तो छापू शकत होता, पण अक्षरं घडवणं हा वेगळा हुन्नर, तो त्याला येत नव्हता. इंग्रज मुद्रक आणि गुजराती सावकार एकमेकांकडे बघत बसले असतील ते दृश्य मला फार ओळखीचं वाटतं. आजही मशीन येतं, माणूस येतो, आणि फाँट येत नाही.

दोन वाटा निघाल्या. एक, खिळ्यांचा, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांचा, नादच सोडून द्यायचा. नाना फडणविसांच्या काळात तांब्याच्या पत्र्यावर अख्खी पानं कोरून गीता छापायचा घाट घातला गेला आणि ती १८०५ मध्ये मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने छापून झाली. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापलं. शिळेवर अक्षर हाताने लिहायचं असतं, त्यामुळे तिमजल्यांचा प्रश्नच येत नाही. लेखकाचा हात जिथे जातो तिथे मात्रा जाते. त्यांची तांत्रिक अडचण निराळीच निघाली. छपाईच्या शाईत चरबी असते, असं छापलेलं पंचांग सोवळ्यात कसं चालणार? गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली. आजच्या भाषेत हे 'कस्टमर स्पेसिफिकेशन'. त्या शाईला सुकायला किती वेळ लागत असेल या विचाराने मात्र माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो.

दुसरी वाट खिळ्यांचीच, पण नेटाने. विल्यम कॅरीने बंगालमधल्या श्रीरामपूरला १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमने देवनागरीचे ठसे सुबक केले. आणि त्याच छापखान्यात लहानपणी टाइप घासायच्या कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये स्वतःची फाउंड्री आणि १८६९ मध्ये निर्णयसागर उभं केलं. राणोजी रावजी आरू यांनी पोलादात कोरलेली निर्णयसागरची अक्षरं पाहिली की कळतं, प्रश्न सुटत नसला तरी त्याला इतकं देखणं करता येतं. छापील मराठी अक्षर कसं दिसावं याबद्दलची आपली नजर मुख्यतः या घराने घडवली आहे. परवा निर्णयसागरच्या एका जुन्या संस्कृत पोथीत एक मात्रा तुटलेली दिसली आणि मलाच वाईट वाटलं, जणू आरूंची माफी मागायला हवी.

मात्रा तुटायची का, हे जवळून बघण्यासारखं आहे. शिशाचा खिळा म्हणजे एक चौकोनी कांडी, तिच्या डोक्यावर उलटं अक्षर. क आणि त्यावरची मात्रा एकाच कांडीवर ओतली तर अक्षर अखंड राहतं, पण मग क, का, कि, की, कु, कू प्रत्येकाची वेगळी कांडी, जोडाक्षरांची आणखी वेगळी, आणि खिळ्यांची संख्या शेकड्यांत. ती टाळायची तर मूळ अक्षराची कांडी बुटकी करायची आणि मात्रा-उकारांच्या बारीक कांड्या वरखाली निराळ्या ओळीत जुळवायच्या. याला 'डिग्री' म्हणत. म्हणजे वाचकाला दिसणारी एक ओळ जुळाऱ्याला तीन ओळींनी रचावी लागे. यात वरचा मजला कधी डावीकडे सरके, कधी उजवीकडे, आणि शेजारच्या अक्षराला नको असलेली मात्रा मिळे. तिसरा मार्ग, मात्रेचा शेंडा कांडीबाहेर लोंबता ठेवायचा. तो दिसायला छान, पण लोंबणारं शिसं किती टिकणार? हजार-दोन हजार प्रती झाल्या की शेंडा गळे. पहिल्या प्रतीत मोदक आणि शेवटच्या प्रतीत मादक, आणि प्रूफ वाचणारा मात्र दोष नसताना शिव्या खाई.

इंग्रजी जुळारी दोन केसांपुढे, म्हणजे खिळ्यांची घरं पाडलेल्या दोन पेट्यांपुढे, उभा राहतो. आमचा जुळारी चार केसांच्या मधोमध, सारंगीवाल्यासारखा डुलत. आणि छापून झालं की तेच खिळे सोडवून परत ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे. मला विचाराल तर हस्तजुळणीतला खरा विनोद जुळणीत नव्हता, या परत टाकण्यात होता. 'म्र' आणि 'ग्न' उलटे बघितले, दिव्याचा उजेड कमी असला आणि जेवायची वेळ झाली असली, की एकसारखेच. मंगळवारी ग्न चुकून म्रच्या घरात पडतो. तिथे तो गुपचूप बसून राहतो. शनिवारी एका प्रतिष्ठित पतसंस्थेची सभासदांना 'नग्न विनंती' छापून जाते. चूक करणारा एक, पकडला जाणारा दुसरा, आणि दोन्हींच्या मध्ये चार दिवस. याला आपल्याकडे मुद्राराक्षस म्हणतात. विशाखदत्ताच्या नाटकातला राक्षस हा खरं तर मोठा स्वामिनिष्ठ अमात्य. पण मुद्रा आणि राक्षस हे दोन शब्द शेजारी आल्याने बिचाऱ्याच्या नावावर आमची सगळी पापं जमा झाली.

या दुखण्यावर इलाज शोधणारी दोन मोठी माणसं रत्नागिरीशी जोडलेली आहेत, आणि गणपतीपुळ्यापासून आरे-वारेच्या रस्त्याने पंचवीसेक किलोमीटरवर दोघांच्याही खुणा बघता येतात. टिळकांचा जन्म रत्नागिरीतला, १८५६ चा. 'केसरी' चालवताना त्यांना रोज कळत होतं की इंग्रजी पत्राचा अग्रलेख जितक्या वेळात जुळून होतो तितक्या वेळात मराठीचा निम्मा होत नाही. १९०४ च्या सुमारास त्यांनी टाइप कमी करायचं काम हाती घेतलं. कोणती जोडाक्षरं अर्ध्या खिळ्यांतून सांधता येतील, कोणती मात्रा सगळ्यांना चालेल, याचा हिशेब मांडत एकशे नव्वद खिळ्यांचा संच तयार झाला. तो टिळक टाइप म्हणून ओळखला जातो. गीतारहस्याएवढाच मोठा उद्योग आहे असं मी म्हटलं तर लोक रागावतील, म्हणून म्हणत नाही. पण स्वराज्यावर अग्रलेख लिहिणारा माणूस 'ट्ट' आणि 'द्ध' कसे ओतायचे यावर डोकं खपवतो, हे प्रूफवाचकाला फार जवळचं वाटतं.

दुसरे सावरकर. १९२४ ते १९३७ ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते, आणि त्या वर्षांत त्यांनी चालवलेल्या चळवळींत एक लिपिशुद्धीची होती. त्यांचा उपाय टिळकांपेक्षा धीट: नुसते खिळे नव्हे, लिपीच बदला. इ, ई, उ, ऊ, ए ही वेगळी अक्षरं कशाला? अ ला वेलांट्या आणि मात्रा देऊन अि, अी, अु, अू, अे असं लिहा. पाच-सहा घरं मोकळी होतील. जोडाक्षरं एकाखाली एक चढवू नका, पुढेमागे मांडा. 'किर्लोस्कर' मासिकाने ही अ ची बाराखडी उचलली आणि 'स्त्री', 'मनोहर' या भावंडांतही ती वर्षानुवर्षं वाचायला मिळाली. त्या मासिकांवर वाढलेले लोक अजून घरचा हिशेब लिहिताना 'अितर खर्च' असं लिहितात. तंत्राच्या दृष्टीने सूचना वाजवी होती. चालली नाही, कारण वाचकाचा डोळा छापखान्याच्या सोयीसाठी वळत नाही. माझ्या मते यात वाचकाचं बरोबर होतं. छपाई लिपीसाठी असते. लिपी छपाईसाठी वाकवायला निघालं की वाकणारा माणूस भलताच निघतो.

सरकारने ते १९५३ मध्ये करून पाहिलं. लखनौच्या परिषदेत ठरलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे नको, दांडा आखूड करून उजवीकडेच द्यावी. म्हणजे खिळे, टंकलेखनयंत्र सगळ्यांचं सोपं होईल. चारेक वर्षांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. हा तपशील लक्षात ठेवा, तो पुढे एका फ्लेक्सवर परत येणार आहे.

जाता जाता, ओळीतल्या खिळ्यांची संख्या खरोखर कमी करणारी सुधारणा लिपीवाल्यांनी केलीच नाही, ती व्याकरणवाल्यांनी केली. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधी 'घरांत', 'पुस्तकें', 'त्यानें' असे प्रत्येक ओळीत माडीवर चार-पाच भाडेकरू असायचे. ते गेले आणि जुळाऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. साहित्य महामंडळाने हे त्यांच्यासाठी केलं नव्हतं, पण आशीर्वाद त्यांचेच लागले असणार.

नव्वदच्या दशकात शिसं गेलं. पुण्यात सी-डॅक १९८८ मध्ये निघालं होतं, श्रीलिपी पुण्याचीच, आकृती, शिवाजी असे फाँट आले, आणि तालुक्याच्या गावीसुद्धा पेजमेकर-कोरलवर डीटीपी करणारा पोरगा बसला. आता मात्रा तुटणार नाही, असं सगळ्यांना वाटलं. तुटली नाही, हरवायला लागली. एका फाँटात जागा दोनशे छप्पन्न, त्यातल्याही सगळ्या हाती येत नाहीत. प्रत्येक कंपनीने आपली अक्षरं त्या जागांवर आपल्या मनाने बसवली. एकाच्या 'क'च्या जागी दुसऱ्याचा अर्धा 'ष'. त्यामुळे रत्नागिरीत टाइप केलेली फाइल मुंबईत उघडली की पानभर कावळ्या-चिमण्यांचे पाय. यावर धंद्याने काढलेला तोडगा असा की फाइलबरोबर फाँटही पाठवायचा, आणि तो विसरला तर अक्षरांची 'कर्व्ह' करून पाठवायचं. कर्व्ह केलं की अक्षर हे अक्षर राहत नाही, चित्र होतं. मग लग्नाच्या आदल्या आठवड्यात मुहूर्त बदलला तर दुरुस्ती कशी करणार? चित्रातला सहा कापून त्याचा नऊ करायचा. मी केलेला आहे. उलटा करून बसवला तर मराठी ६ आणि ९ एकमेकांना चालत नाहीत हे तेव्हा कळलं.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तिथे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक, आणि मात्रा-वेलांट्या बसवायचं काम फाँट व सॉफ्टवेअर मिळून करतात. मोबाइलवर हे सुरळीत चालतं. पण छापखान्यातलं जुनं सॉफ्टवेअर अनेकदा पैसे वाचवण्यासाठी जुनंच ठेवलेलं असतं, आणि त्याला ही बसवणी येत नाही. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवतं, पोरगा तो उचलून फोटोशॉपमध्ये टाकतो, आणि 'श्री क्षेत्र' चं 'श्‌री क्‌षेत्‌र' होतं.

इथे गणपतीपुळ्याची एक खास गंमत आहे, आणि ती मला एका फ्लेक्सपुढे उभं राहून समजली. फ्लेक्सवर 'गणपतीपुळे' अगदी बिनचूक होतं आणि त्याच्याच खाली 'जि. रत्नागिरी' चा पार चुराडा: त चा पाय मोडका, न सुटा, आणि ग ची वेलांटी सरकून पुढच्या र वर बसलेली, म्हणजे 'रत्‌नागरिी'. असं का? गणपतीपुळे या नावात एकही जोडाक्षर नाही आणि एकही ऱ्हस्व वेलांटी नाही. ग, ण, प, ती, पु, ळे: सगळी अक्षरं एका ओळीत शहाण्यासारखी येतात, कितीही अडाणी सॉफ्टवेअर असलं तरी मोडत नाहीत. मालगुंड तसंच, आरे-वारे तसंच, पावसही. रत्नागिरीत मात्र जोडाक्षर आहे आणि ऱ्हस्व वेलांटीही, जी आधी दिसते पण नंतर टाइप होते. त्या फ्लेक्सवर वेलांटी उजवीकडे गेली होती. लखनौच्या परिषदेला जे जमलं नाही ते एका जुन्या फोटोशॉपने करून दाखवलं.

ज्या खोडी फक्त मराठीच्या आहेत त्या आणखी हटवादी. वऱ्हाडातला तो डोळ्याच्या पापणीसारखा र घ्या. कित्येक फाँटांत तो नसतोच किंवा कुठल्या कळीवर आहे ते माहीत नसतं, म्हणून र्ह असा रफार देऊन भागवतात. मग लग्नपत्रिकेत 'वर्हाड' येतं. हॉटेलच्या जाहिरातीत 'डोंगर-दऱ्यांतून' ऐवजी 'डोंगर-दर्यांतून', म्हणजे खोऱ्यांऐवजी डोंगरातून समुद्रच वाहतोय. आणि सगळ्यात जुना नमुना: 'आचाऱ्यांचा सत्कार' च्या जागी 'आचार्यांचा सत्कार'. भटारखान्यातला माणूस व्यासपीठावर आणि व्यासपीठावरचा भटारखान्यात. ल आणि श यांचंही तेच. मराठी वळणाचा ल पाकळ्यांचा, श देठाचा. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने तेच प्रमाण ठरवले. पण हिंदी वळणाचे फाँट फुकट मिळतात, आणि फुकटापुढे शासननिर्णयाचं काही चालत नाही. चांगलं काम झालेलं नाही असं नाही. विंडोजबरोबर येणारा 'मंगल' र. कृ. जोशींनी, म्हणजे एका मराठी कवी-सुलेखनकाराने घडवला; राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' मराठी वळणाचा आणि मोफत आहे. तो उतरवून घ्यायला सांगितलं की डीटीपीवाला म्हणतो, "बघू, पाऊस संपला की."

पाऊस हा इथल्या धंद्यातला मोठा भागीदार आहे. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. कागद हा मुळात लाकडाचा तंतू; दमट हवेत तो फुगतो, पण लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत फुगतो. आता चार रंगांचं पोस्टर दोन रंगांच्या मशीनवर छापायचं म्हणजे कागद दोनदा आत जाणार. सकाळी निळा आणि काळा छापला, दुपारी सर आली, संध्याकाळी लाल-पिवळा चढवला. मधल्या वेळात कागद सुताभर रुंद झाला. परिणाम: मधोमध सगळं जुळलेलं आणि कडेला प्रमुख पाहुण्यांना दोन मिशा. शाई ओली राहते, थप्पीत वरच्या कागदाच्या पाठीवर उमटते, म्हणून मध्ये पावडर उडवायची. तीही दमट होऊन गुठळ्या धरते. आणि या सगळ्यात वर्षाचा मुख्य हंगाम कधी? श्रावण-भाद्रपदात. पावतीपुस्तकं, अहवाल, कार्यक्रमपत्रिका, सगळं गणपतीच्या आधी. खुद्द गणपतीपुळ्यात घरोघर मूर्ती आणायची पद्धत नाही, डोंगरच देव आहे. पण भोवतीच्या गावांतली मंडळं छापखान्याला श्वास घेऊ देत नाहीत. त्यांची आटपते तोवर दिवाळी अंक दारात. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' चा दिवाळी अंक काढून ही प्रथा पाडली. मुद्रकाचं घड्याळ त्यांना दिसलं नसावं. त्यात प्लेट बाहेरून करून आणायची झाली तर ती एसटीच्या पार्सलने येणार, आणि आंबा घाटात दरड आली की कार्यक्रमपत्रिका घाटात आणि कार्यक्रम गावात.

रंगांची गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण तिथे चूक कोणाचीच नसते. देवळाचं चित्र म्हटलं की शेंदूर हवा. पडद्यावर तो पेटलेला दिसतो. छापला की विटकरी. गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही शाईत काटकसर केली. खरं असं की ऑफसेटच्या चार शायांच्या आवाक्याबाहेरचे काही रंग आहेत, आणि झगझगीत नारिंगी त्यातला एक नंबर. पडद्यावर रंग प्रकाशाने होतो, कागदावर प्रकाश अडवून होतो; पिवळ्यावर लालसर ठिपके टाकून कितीही जुळवलं तरी त्या ठिपक्यांत थोडी राख असतेच. ही अडचण जगाला ठाऊक आहे. पॅन्टोन कंपनीने १९९४ मध्ये नारिंगी आणि हिरवी अशा दोन जादा शाया घालून सहा रंगांची पद्धत काढली होती ती याचसाठी. आमच्याकडे उपाय म्हणजे शेंदरी शाई वेगळी घोटून पाचवा रंग छापायचा. त्याची वेगळी प्लेट, मशीन धुणं वेगळं, पैसे वेगळे. पैशांचं नाव काढलं की विटकरी देव चालतो. रविवर्म्याच्या छापखान्यात एका चित्राला रंगागणिक वेगळी शिळा असायची, त्यामुळे त्या जुन्या ओलिओग्राफमधला तांबडा अजून टवटवीत दिसतो. आपण स्वस्तात चार रंगांवर आलो आणि देवाचा रंग त्यात गेला.

समुद्राचं उलट. तो जांभळा होतो. निळा छापायचा तर सियानमध्ये मॅजेंटा मिसळावा लागतो; तो सियानपेक्षा निदान तीस टक्क्यांनी कमी ठेवला नाही तर निळ्याचा जांभळा होतो. पडद्यावर तो निळाच दिसतो, म्हणून कोणी हात लावत नाही. या किनाऱ्यावरच्या निम्म्या माहितीपत्रकांत अरबी समुद्र वांग्याच्या रंगाचा का, याचं उत्तर एवढंच आहे.

आंब्याच्या पेटीचं काम त्या मानाने नवं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि बागायतदार खोक्यावर क्यूआर कोड मागू लागले. नालीदार पुठ्ठ्यावर रबरी ठशाने छापताना शाई दाबाखाली पसरते, चौकटीतले पांढरे चौकोन बुजतात. पण क्यूआर कोड करणाऱ्यांनी आधीच धरून ठेवलंय की छपाई वाईट होणार; सगळ्यात भक्कम प्रकारात तीस टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी मोबाइल तो वाचतो. इथे मला थोडा मत्सर वाटतो. त्या जपानी चौकटीला तीस टक्के माफ, आणि आमच्या मोदकाला एक रेघ माफ नाही.

मग प्रूफ कोण बघतं? खटाववाडीतल्या 'मौज'मध्ये श्री. पु. भागवतांनी अनुस्वारासाठी फर्मा थांबवावा, ते दिवस एका घराण्याचे होते. तालुक्याच्या जॉबप्रेसला ती चैन कधीच नव्हती. पण निदान कागदावर प्रूफ निघायचं, गिऱ्हाईक त्यावर सही करायचं, आणि सही असली की भांडण अर्ध्यात मिटायचं. आता प्रूफ मोबाइलवर जातं. सहा इंचांच्या काचेवर, उन्हात, एका हाताने गाडी सावरत ते बघितलं जातं आणि अंगठा परत येतो. एका मंडळाच्या निमंत्रणात 'आपली उपस्थिती अपेक्षित आहे' च्या जागी 'उपेक्षित आहे' असं गेलं, पाचशे प्रती. मी आणि छापखानेवाला दोघांनी ते पाहिलं नव्हतं, आणि अंगठे मात्र अकरा आले होते. अध्यक्ष चिडले. कार्यक्रमाला गर्दी नेहमीपेक्षा जास्त झाली. छपाईचे पैसे अर्धेच मिळाले. ते कधीच पूर्ण मिळत नाहीत, चूक असो वा नसो.

मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते खुलं झालेलं. गणपतीपुळ्याला गेलो की मी तिथे एक चक्कर मारतो आणि कोरलेली अक्षरं निरखत बसतो. दगडावर शुद्धिपत्र लावता येत नाही, त्यामुळे तिथला कारागीर छिन्नी टेकवण्याआधी किती वेळा वाचत असेल, असं मनात येतं.

त्या खाणावळीत या मे महिन्यात पुन्हा गेलो. कार्डं तीच, चाळीसच्या चाळीस लॅमिनेट केलेली, नवी छापायची म्हणजे खर्च. पण 'मादक' च्या कान्यावर कोणीतरी काळ्या मार्करने मात्रा दिलेली होती. मालकांच्या मुलीने, दहावीतल्या, स्वतःहून. मी खूश झालो आणि बोटाने चाचपली तर ती माझ्या बोटाला आली. "टिकत नाही हो काका," मुलगी म्हणाली. "रोज टेबल पुसताना कार्डंपण पुसतात, आठवड्यात जाते. मी रविवारी परत देते सगळ्यांना." मग माझ्या हातातलं कार्ड घेऊन तिने मार्करचं टोपण दातांनी काढलं आणि मात्रा दिली, निर्णयसागरला शोभेल अशी, कान्याच्या बरोबर डोक्यावर.